केळ्याचा काळा डाग आणि मेंदूतलं डोपामिन

कच्ची केळी चिरताना हाताला तेल लावायचं आणि फोडी लगेच ताकाच्या पाण्यात सोडायच्या, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. केळीच्या सालीत डोपामिन भरपूर असतं, मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात तोच रेणू. चीर पडली की हवेतला ऑक्सिजन आणि केळ्यातलंच एक विकर मिळून त्याचं क्विनोन करतात, क्विनोनचे रेणू एकमेकांना चिकटत जातात आणि फोड काळी पडते. (केळी खाऊन मेंदूतलं डोपामिन वाढत नाही, रक्तातून मेंदूत जायची वाट त्याला बंद असते.) मेंदूतलं डोपामिन मोजणारा सेन्सर याच क्रियेवर चालतो, आणि बिघडतोही तिच्यामुळेच.

1973 साली अमेरिकेत कॅन्ससला राल्फ ॲडम्स यांच्या गटाने उंदराच्या मेंदूत कार्बनचा इलेक्ट्रोड (वीज देणारं-घेणारं टोक) बसवून मोजणी केली. आज वापरतात तो कार्बनचा धागा 7 मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या साधारण दहाव्या भागाइतका. तो पंपाने काचेच्या केशनळीत ओढून घेतात, नळी मधोमध तापवून ताणतात आणि बाहेर आलेला धागा सूक्ष्मदर्शकाखाली 100 मायक्रोमीटरवर कापतात. काच आणि धागा यांच्यातली फट एपॉक्सी गोंदाने बुजवायची. रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडच्या पावसाळ्यात खोलीच्या तापमानाला सुकणाऱ्या एपॉक्सीवर ओलाव्याने पांढुरकी, चिकट साय धरते. अशा वेळी नळ्या सिलिका जेलच्या डब्यात ठेवाव्यात. मागून क्षाराचं द्रावण भरताना एक बुडबुडा राहिला तरी प्रवाह तुटतो. इलेक्ट्रोड मेला असं वाटलं की आधी तिथे बघावं.

धाग्याला −0.4 ते +1.3 व्होल्ट आणि परत अशी फेरी सेकंदाला 400 व्होल्टच्या वेगाने देतात. एक फेरी 8.5 मिलिसेकंदांची, सेकंदाला अशा दहा. वर जाताना +0.6 व्होल्टच्या आसपास डोपामिन दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन सोडून क्विनोन होतं, परतताना −0.2 च्या आसपास ते पुन्हा डोपामिन होतं. या दोन्ही ठिकाणी प्रवाहाच्या आलेखात शिखर उमटतं, आणि त्या दोन शिखरांवरून त्याची ओळख पटते.

पण धाग्याचा स्वतःचाच प्रवाह शेकडो नॅनोॲम्पिअर असतो, डोपामिनचा जेमतेम काही नॅनोॲम्पिअर. म्हणून कोळीण जशी टोपलीचं वजन वजा करते, तसा डोपामिन येण्याआधीचा प्रवाह वजा करावा लागतो. टोपली भिजून जड होत जाते, तसा हा प्रवाहही सरकतो. त्यामुळे दीड मिनिटाच्या पलीकडच्या वजाबाकीवर विसंबू नये. मोजणीआधी धागा फेऱ्यांवर निदान पंधरावीस मिनिटं चालवून स्थिर होऊ द्यावा.

मेंदूत क जीवनसत्त्व डोपामिनच्या हजारो पट असतं आणि तेही याच टप्प्यात इलेक्ट्रॉन सोडतं. बचाव असा, की दोन फेऱ्यांच्या मधे धागा −0.4 व्होल्टवर ठेवतात. डोपामिनवर धनभार असतो, ते येऊन धाग्याला बिलगतं. क जीवनसत्त्वावर ऋणभार, ते लांब राहतं. धाग्यावर नॅफिऑनचा (ऋणभार असलेल्या एका प्लास्टिकचा) पातळ थर दिला तर आणखी चांगलं.

केळ्याच्या फोडीसारखा धाग्यावरही क्विनोनचा थर चिकटतो, तो त्रास मात्र सुटत नाही. सेरोटोनिन हा मेंदूतला दुसरा निरोप्या रेणू तर फारच पटकन थर धरतो. (शिणाण्या खडकाला घट्ट धरतात त्या तंतूंतही डोपा असतं, डोपामिनचं सख्खं भावंड.) +1.3 व्होल्टपर्यंत जाण्यामागे हेही कारण आहे: तिथे कार्बनचा पृष्ठभाग थोडाथोडा झिजून नवा होतो.

दोन्ही शिखरं एकाच बाजूला सारखीच सरकली तर धाग्याला दोष देऊ नये. धाग्याचे व्होल्ट जिच्या तुलनेत मोजतात ती संदर्भाची चांदीची तार बघावी. ती ब्लीचमध्ये बुडवून सिल्व्हर क्लोराइडचा काळपट थर चढवतात. तो खरवडला गेला की सगळे आकडे सरकतात. खाऱ्या हवेने कनेक्टरवर मिठाचा थर बसतो, तो ओल धरतो आणि त्यातून प्रवाह गळतो. कनेक्टर पुसून कोरडे ठेवावेत, आणि 50 हर्ट्झच्या विजेचा गोंगाट टाळायला सगळी मांडणी धातूच्या जाळीच्या पिंजऱ्यात करावी.

सेन्सरच्या तपासणीसाठी डोपामिनचं मूळ द्रावण 0.1 मोलर परक्लोरिक आम्लात ठेवतात. क्विनोन होताना प्रोटॉन सुटावे लागतात. आम्लात ते मुळातच पुष्कळ असल्याने क्रिया मंदावते. ताकाच्या पाण्यातलं आम्लही क्रिया मंदावतं, मात्र तिथे ते मुख्यतः विकराला रोखतं. वापराच्या ऐन वेळी मूळ द्रावण 7.4 पीएचच्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) 1 मायक्रोमोलरपर्यंत पातळ करावं. मूळ द्रावण गुलाबी किंवा तपकिरी दिसलं, तर फेकून नवं करावं.