पार्श्वभूमी: सरकारी दवाखान्यावर गावाची देखरेख

महाराष्ट्रात आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेख २००७ साली सुरू झाली, अशी कागदोपत्री नोंद आहे. मागणी मात्र त्याआधीची. मेळघाटातले बालमृत्यू १९९३ मध्ये राज्यभर गाजले. दवाखान्याची इमारत आहे पण डॉक्टर मुक्कामी राहत नाही, ही तक्रार आदिवासी भागातल्या संघटना मोर्च्यांतून आणि न्यायालयातही मांडत राहिल्या. २००४ मध्ये देशात विभागवार जनसुनवाया झाल्या. उपचार नाकारले गेलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे सर्वांसमोर बोलले. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्याच्या आराखड्यात लोकांच्या देखरेखीला जागा मिळाली. आंदोलनाचे हत्यार अशा रीतीने सरकारी कार्यक्रमाचा भाग झाले. पुढचे बहुतेक वाद इथूनच निघाले.

पहिला टप्पा नऊ राज्यांत होता. महाराष्ट्रातून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे जिल्हे निवडले गेले. जिल्ह्यात तीन तालुके, तालुक्यात तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे, केंद्रामागे पाच गावे, म्हणजे एकूण २२५ गावे. नर्सबाई गावात येतात का, लसीकरण ठरल्या दिवशी होते का, औषध केंद्रातच मिळते की बाहेरची चिठ्ठी लिहून देतात, बाळंतपणाला पैसे मागतात का, हे लोकांनाच विचारून कार्यकर्ते तक्ते भरत. उत्तरांनुसार सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग मिळे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही तो तक्ता समजत होता, हे मला या पद्धतीचे सर्वांत मोठे यश वाटते.

तक्त्यांनंतर जनसुनवाई. गावच्या बाईने उभे राहून सांगायचे आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने तिथेच उत्तर द्यायचे. डॉक्टर मंडळींनी याला कडाडून विरोध केला. पदे रिकामी, औषधे वरून येत नाहीत, मग चारचौघांत अपमान आमचाच का, हा त्यांचा सवाल रास्त होता. त्यामुळे काही ठिकाणी 'जनसंवाद' असे सौम्य नाव आले. पण बाहेरच्या चिठ्ठ्या कमी झाल्या, बेकायदा घेतलेले पैसे परत मिळाले, ते त्या उघड सभांमुळेच. बंद खोलीतल्या बैठकीत असे क्वचितच घडते.

खरा पेच पैशाचा होता. पहिला टप्पा केंद्राच्या निधीवर चालला. तो संपल्यावर राज्याच्या वार्षिक आराखड्यातून तरतूद करून काम चालू ठेवायचे आणि वाढवायचे ठरले, आणि पुढे ते १३ जिल्ह्यांत पोहोचले. म्हणजे ज्या खात्यावर देखरेख करायची, त्याच खात्याच्या मंजुरीवर देखरेख करणाऱ्या कार्यकर्त्यांचे मानधन अवलंबून. चळवळीतल्या एका गटाचे म्हणणे होते की सरकारचा पैसा घेतला की सरकारला जाब विचारण्याची धार जाते. दुसरा गट म्हणे, हा पैसा जनतेचा आहे, तो घेण्यात कसली लाज. शिवाय कार्यक्रम सरकारी असल्यामुळेच अधिकाऱ्याला सभेला यावे लागते. मला दुसरी बाजू अधिक पटते. देणग्यांवर चालणाऱ्या उपक्रमाच्या बोलावण्यावरून तालुका आरोग्य अधिकारी आलेच असते असे नाही. मात्र पहिल्या गटाची भीतीही खोटी ठरली नाही. मंजुरी लांबली की महिनोन्महिने मानधन थकायचे, तक्ते भरायचे राहायचे आणि गावात उभा राहिलेला विश्वास खचायचा. निधी रोखून उपक्रम थंड करता येतो. त्यासाठी तो रद्द केल्याचा आदेश काढावा लागत नाही.

याच काळात आणखी एक मर्यादा दिसली. वागणूक, वेळ, पैशाची मागणी हे प्रश्न तालुक्यात सुटत. रिकामी पदे आणि औषधपुरवठा मुंबईतच अडे. म्हणून देखरेखीला नियोजनाची जोड देण्यात आली. गावच्या आरोग्य समितीचा वर्षाला १० हजार रुपयांचा अबंधित (कशावर खर्चायचा हे वरून ठरवून न दिलेला) निधी आणि दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीचा पैसा कशावर खर्चावा, यात लोकांना बोलता येऊ लागले. पण औषधखरेदी २०१७ मध्ये एका सरकारी महामंडळाकडे एकवटली आणि २०२३ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. केंद्रात गोळ्या नाहीत म्हणून लाल रंग देणाऱ्या गावाला त्या निर्णयांत कुठेच जागा नव्हती.

२०१८ नंतर प्राथमिक आरोग्य केंद्राखालच्या उपकेंद्रांची, अधिक सेवा देणारी आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागली आणि त्यांच्यासाठी जन आरोग्य समित्या आल्या. सरपंच अध्यक्ष, तर केंद्राचा समुदाय आरोग्य अधिकारी सदस्य-सचिव. बैठक बोलावणे आणि इतिवृत्त लिहिणे सचिवाकडे, म्हणजे ज्याच्या कामाबद्दल प्रश्न विचारायचे त्याच्याचकडे. जुन्या रचनेत गावाच्या बाजूने तक्ता घेऊन उभा राहणारा बाहेरचा कार्यकर्ता होता, त्याची जागा या समित्यांत ठेवलेली नाही.