क म्हणजे २३२५

लोकलमध्ये शेजारी बसलेली अंध व्यक्ती फोन कानाशी धरून काहीतरी ऐकत असते. त्यातून येणारा आवाज आपल्याला नुसती किरकिर वाटतो. तो बोलत असतो मराठीच, पण इतक्या वेगात की एक शब्द हाती लागत नाही. सरावलेला कान मात्र त्याच वेगात बँकेचा मेसेज, घरच्यांचा निरोप आणि बातम्या ऐकून मोकळा होतो.

ही करामत स्क्रीन रीडरची, म्हणजे पडद्यावर काय आहे ते बोलून सांगणाऱ्या प्रोग्रॅमची. नावात ‘स्क्रीन’ असलं तरी त्याचं काम मुख्यतः पडद्यावरच्या चित्राशी नसतं. तो फोनच्या किंवा संगणकाच्या यंत्रणेला विचारतो, ‘इथे काय आहे?’ उत्तर येतं, ‘बटण, नाव: “पाठवा”’. ॲप बनवणाऱ्याने नावच दिलेलं नसेल, तर ऐकू येतं नुसतं ‘बटण’. पुढे पुन्हा ‘बटण’, मग आणखी एक ‘बटण’. यातल्या एकाने पैसे जातात. कुठल्या, ते आता ओळखा!

संगणकावरचे असे प्रोग्रॅम फार महाग असायचे. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी ‘एनव्हीडीए’ लिहायला घेतला, जेम्स तेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही अंध. हा प्रोग्रॅम आजही फुकट मिळतो. त्याच्यासोबत येणारा ‘ईस्पीक’ हा आवाज कुणा माणसाचा रेकॉर्ड केलेला नाही, तो गणिताने घडवलेला आहे. ऐकायला अगदी रुक्ष. पण वेग वाढवला तरी अक्षरं एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून गोड आवाजांपेक्षा हाच पसंत करणारे पुष्कळ आहेत.

आणि हा आवाज मराठी जाणतो. अडचण आपल्या मजकुरात आहे.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. ‘क’चा क्रमांक २३२५, जगातल्या कुठल्याही संगणकावर. देवनागरीला ही सोय १९९१ पासून आहे. डीटीपीवाल्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये मात्र मराठी अक्षर हे निव्वळ सोंग असतं. आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांच्यावर देवनागरी मुखवटा चढवतो. डोळस माणूस मुखवटा वाचतो, स्क्रीन रीडर आतलं वाचतो. परिपत्रक आपल्याला स्वच्छ मराठी दिसतं, तेव्हा अंध माणसाला ऐकू येते इंग्रजी अक्षरांची खिचडी. इतकी वर्षं युनिकोड हाताशी असताना हे चालू राहावं, याला आळसाशिवाय दुसरं कारण मला दिसत नाही.

बँकेच्या केवायसीत तर याहून नवल. ‘कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकवा’ अशी अट असे. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्यांनी काय करायचं? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि पर्याय देण्याचे निर्देश दिले.

सोसायटीचा ग्रुप मात्र कुणाच्या निर्देशांनी चालत नाही. उद्या पाणी बंद, अशी सूचना फळ्यावर लागते. कुणीतरी तिचा तिरका फोटो काढून ग्रुपवर टाकतं. चित्रातली अक्षरं ओळखणारे प्रोग्रॅम आहेत, पण तिरक्या फोटोतल्या हस्ताक्षरापुढे तेही अडखळतात. बाकीच्या घरांत बादल्या भरायला सुरुवात होते. तिसऱ्या मजल्यावर एक फोन म्हणतो, ‘फोटो’. मग शेजारची बेल वाजते. ‘काय लिहिलंय हो?’