पायाळू बाळ आणि चिनी शेक : एका उपचाराच्या चाचणीची पार्श्वभूमी

पायाळू माणसाच्या लाथेने पाठीतली उसण जाते आणि पावसात वीज त्याच्यावरच पडते, अशा समजुती कोल्हापूर परिसरातील गावांत आजही ऐकू येतात. मात्र सातव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘बाळ पायाळू आहे’ असे कळले की घरात पहिली चर्चा होते ती सिझरची. बाळ पोटातच फिरावे यासाठी चीनमध्ये जुन्या काळापासून एक शेक दिला जातो. मगवर्ट या वनस्पतीच्या वाळलेल्या पानांचा भुगा कागदात घट्ट गुंडाळून केलेली कांडी पेटवतात आणि तिचे निखारलेले टोक गर्भवतीच्या पायाच्या करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ, कातडीला न टेकवता, साधारण 15 ते 20 मिनिटे धरतात. जोतिबाला आपण वाहतो तो दवणा आणि हे मगवर्ट, दोन्ही आर्टेमिसिया या एकाच वनस्पती-प्रजातीतील आहेत; अर्थात, त्यामुळे देवाच्या दवण्याला औषधी दावा चिकटवण्याचे कारण नाही.

ही पद्धत युरोपला सतराव्या शतकात माहीत झाली, ती बटाव्हियातील (आजचे जकार्ता) डच धर्मोपदेशक हेर्मान बुस्खोफ यांच्या 1674 मधील पुस्तकामुळे. पण त्यांचा विषय गाउट या सांध्यांच्या दुखण्याचा होता, बाळंतपणाचा नव्हे. पायाळू बाळासाठी तिचा आधुनिक पद्धतीने कस लागला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस.

कस लावणे अवघड का, हे आधी समजून घेतले पाहिजे. 28 व्या आठवड्याच्या सुमारास चार-पाचांतील एक बाळ डोके वर करून असते, पण दिवस भरेपर्यंत हे प्रमाण शंभरात तीन-चारवर येते. म्हणजे बहुतेक बाळे आपसूक फिरतात, आणि त्या काळात केलेला कोणताही उपाय, मग तो शेक असो, नवस असो वा उताणे झोपणे, लागू पडल्यासारखा वाटतो. शेक न घेतलेल्या स्त्रियांचा गट शेजारी ठेवल्याशिवाय त्याचे श्रेय ठरवता येत नाही.

असा गट ठेवून केलेली गाजलेली चाचणी 1998 मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आली. इटलीचे फ्रान्सेस्को कार्दिनी आणि चिनी सहकारी यांनी जियांगशी प्रांतात, 33 व्या आठवड्यातील 260 पहिलटकरणींचे दोन समान गट केले. 35 व्या आठवड्यात शेक घेतलेल्यांपैकी 75.4 टक्के जणींची बाळे डोके खाली करून होती, दुसऱ्या गटात 47.7 टक्के. बाळंतपणापर्यंत दुसऱ्या गटाचा आकडा 62.3 वर गेला, कारण त्यातील 24 जणींच्या बाबतीत डॉक्टरांनी पोटावरून हाताने बाळ फिरवण्याचा प्रयत्न केला होता. मात्र कोणाला शेक मिळतो आहे हे सर्वांनाच ठाऊक होते, ही या चाचणीची उणीव.

त्यानंतर दोनच वर्षांत, 2000 मध्ये, ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 26 देशांतील 2088 स्त्रियांवरील अभ्यास आला आणि पायाळू बाळासाठी नियोजित सिझर अधिक सुरक्षित, असा निष्कर्ष निघाला. सिझरची वाट रुळल्यावर बाळ आधीच फिरवण्याच्या उपायांचे मोल साहजिकच वाढले.

पण यश सगळीकडे साथीला आले नाही. कार्दिनी यांनीच इटलीत केलेली चाचणी 123 स्त्रियांवर थांबवावी लागली, कारण उग्र वास, घशाचा त्रास आणि पोटात येणारे आकुंचन यांमुळे अनेकींनी शेक मधेच सोडला. निकाल 34 विरुद्ध 36 टक्के, म्हणजे फरक नाहीच. 2009 मध्ये जिनिव्हातील 212 स्त्रियांच्या चाचणीतही 18 विरुद्ध 16 टक्के एवढेच हाती लागले. मला सर्वांत चोख वाटते ती 2013 ची स्पेनमधील चाचणी, कारण 406 स्त्रियांच्या तीन गटांपैकी एकाला मुद्दाम दुसऱ्या जागी, पायाच्या अंगठ्याशी, शेक दिला गेला. करंगळीच्या गटात 58.1 टक्के, अंगठ्याच्या गटात 43.4 आणि नेहमीच्या देखभालीत 44.8 टक्के बाळे डोके खाली करून आली. नुसत्या ऊबेने वा लक्ष दिल्याने हे झाले असते, तर अंगठ्याचा गटही पुढे गेला असता.

ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने 2017 च्या मार्गदर्शिकेत 33 ते 35 आठवड्यांदरम्यान, प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली, या उपायाचा विचार करता येईल असे म्हटले. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2023 च्या आढाव्यात 13 चाचण्या आणि 2181 स्त्रिया होत्या. नेहमीच्या देखभालीसोबत शेक दिल्यास जन्मावेळी बाळ उलटे असण्याची शक्यता बहुधा काहीशी कमी होते, पण सिझरच्या प्रमाणात फारसा फरक पडत नाही, असे त्यात आढळले.