सुयांचा डबा कुठे ठेवाल?

दवाखान्यात वापरलेल्या सुया टाकायचा डबा विकत घेतला की सुरक्षेची सोय झाली, असे समजू नका. तो कुठे ठेवता यावर बरेच काही अवलंबून आहे.

सुई रुग्णाला टोचताना हाताला लागते, तशीच ती बऱ्याचदा काम झाल्यावरही लागते: टोपण परत बसवताना, ट्रे आवरताना, कापसाखाली राहिलेली सुई उचलताना. कधी कचऱ्याच्या पिशवीतून ती सफाई कर्मचाऱ्याच्या हातात घुसते, आणि कोणत्या रुग्णाला वापरलेली होती हे त्याला कळायलाही मार्ग नसतो. म्हणून डबा खाटेजवळ किंवा ट्रॉलीवर, हात पोचेल असा ठेवा. तो पॅसेजच्या टोकाला असेल, तर उघडी सुई घेऊन तिथवर चालत जाण्यापेक्षा टोपण लावणेच सिस्टरला सोयीचे वाटणार. त्यात त्यांचा दोष नाही.

डबा पाऊण भरला की बंद करा. वरून दाबून जागा करू नका. आमचा डबा महिनाभर पुरला नाही तरी चालेल. (विक्रेता असे म्हणतो आहे, हे लक्षात घ्या!)

रक्त काढायची सुई पोकळ असते. तिच्यात रक्त उरते, त्यामुळे टाक्यांच्या भरीव सुईपेक्षा तिचा धोका जास्त. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी बाधित रुग्णाची सुई टोचली, तर संसर्गाची शक्यता 6 ते 30 टक्के. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे 0.3 टक्के. हिपॅटायटिस सीवर लस नाही. बीची मात्र आहे: साधारणपणे 0, 1 आणि 6 महिन्यांनी असे तीन डोस. सफाई कर्मचारी आणि कंत्राटी कामगारही लस द्यायच्यांच्या यादीत हवेत; नेमके तेच सुटतात.

सुई टोचलीच, तर जागा वाहते पाणी आणि साबणाने धुवा. जखम पिळू नका, ब्लीच लावू नका, बोट तोंडात घालू नका. लगेच कळवा, ड्यूटी संपायची वाट पाहू नका. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, शक्यतो 2 तासांत सुरू व्हावीत. 72 तासांनंतर सहसा देत नाहीत. कोर्स 28 दिवसांचा असतो. रागावणाऱ्या वरिष्ठाच्या भीतीने हे तास वाया जातात, म्हणून रात्रपाळीला कोणाला फोन करायचा ते डब्याशेजारीच लिहून लावा. त्यासाठी कोरे स्टिकर सोबत दिले आहेत.