जपानमधील इतिहास-पाठ्यपुस्तक वाद

जपानच्या युद्धकालीन वर्तनाविषयी शाळेत काय शिकवावे, यावरून १९५० च्या दशकापासून त्या देशात चालू असलेला राजकीय व न्यायालयीन संघर्ष. चीनमधील नानजिंगचे हत्याकांड, लष्करी वेश्यागृहांत डांबलेल्या स्त्रिया, माणसांवर जैविक प्रयोग करणारे ‘७३१ पथक’ आणि जपानच्याच ओकिनावा बेटावरची लढाई हे त्यातले कळीचे विषय.

वादाचे मूळ पुस्तकांच्या छाननीत आहे. १९४५ च्या शरणागतीनंतर मुलांनी वर्गात बसून आपल्याच पुस्तकांतील युद्धगौरवाच्या ओळी शाईने काळ्या केल्या होत्या. पुढे सरकारी पुस्तकांची मक्तेदारी गेली आणि १९४७ च्या शालेय शिक्षण कायद्याने आजच्या पद्धतीचा पाया घातला. पुस्तक खासगी प्रकाशक काढतो, शिक्षण मंत्रालय मसुद्यावर शेरे मारून मंजुरी देते आणि सार्वजनिक शाळांसाठी निवड स्थानिक शिक्षण मंडळे करतात. पुस्तक सरकारचे नाही, मोहोर मात्र सरकारची. त्यामुळे एखादे क्रियापद बदलले तरी बाहेरचे जग ते सरकारचे मत समजते. मंत्रालय मात्र लेखकाकडे बोट दाखवून मोकळे होते.

या पद्धतीला सर्वांत चिवट आव्हान दिले ते इतिहासकार इएनागा साबुरो यांनी. ते कोणी उपरे टीकाकार नव्हते. १९४६ च्या सरकारी इतिहासपुस्तकाच्या लेखकांत त्यांचाही समावेश होता. त्यांचे उच्च माध्यमिक शाळेसाठीचे पुस्तक मंत्रालयाने १९६३ मध्ये नाकारले आणि पुढच्या वर्षी ढीगभर दुरुस्त्यांच्या अटीवर स्वीकारले. ही छाननी म्हणजे राज्यघटनेने निषिद्ध ठरवलेली सेन्सॉरशिप आहे, असे म्हणत त्यांनी १९६५, १९६७ आणि १९८४ असे तीन दावे लावले. १९७० मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. तो शेवटपर्यंत टिकला नाही. अखेर २९ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छाननीची पद्धत वैध ठरवली, पण ७३१ पथकाचा मजकूर काढायला लावणे बेकायदा होते, असा निर्वाळा दिला. ३२ वर्षांच्या लढ्याअंती हाती आलेली भरपाई चार लाख येन होती. रक्कम किरकोळ, पण मंत्रालयाच्या शेऱ्यालाही मर्यादा आहे, हे न्यायालयाच्या तोंडून वदवून घेतले गेले.

दरम्यान १९८२ मध्ये वाद देशाबाहेर गेला. चीनवरील ‘आक्रमण’ हा शब्द बदलून मंत्रालयाने ‘आगेकूच’ करायला लावले, अशा बातम्या आल्या. त्या वर्षीच्या छाननीत ती विशिष्ट दुरुस्ती झालीच नव्हती, हे नंतर उघड झाले. मात्र तो शब्द सौम्य करण्याचा आग्रह मंत्रालयाने आधीपासूनच धरला होता, त्यामुळे बातमी चुकली तरी संशय निराधार नव्हता. चीन व दक्षिण कोरियाच्या निषेधानंतर छाननीच्या निकषांत शेजारी देशांबाबत समंजसपणा राखण्याचे कलम घालण्यात आले.

प्रतिक्रियाही तितकीच तीव्र उमटली. १९९७ पासून वापरात आलेल्या कनिष्ठ माध्यमिक शाळांच्या सातही इतिहासपुस्तकांत लष्करी वेश्यागृहांतील स्त्रियांचा उल्लेख आला, आणि हा ‘आत्मपीडक’ इतिहास आहे म्हणत त्याच वर्षी नव्या पुस्तकासाठी एक संघटना उभी राहिली. तिचे पुस्तक २००१ मध्ये १३७ दुरुस्त्यांनंतर मंजूर झाले. सोल आणि बीजिंगमध्ये गहजब झाला, पण जपानमधल्या शिक्षण मंडळांनीच ते जवळपास सर्वत्र नाकारले. निवडीतील वाटा ०.०३९ टक्के.

वाद केवळ शेजाऱ्यांशी नव्हता. १९४५ च्या लढाईत ओकिनावातील नागरिकांना लष्कराने सामूहिक आत्महत्येस भाग पाडले, हा संदर्भ २००७ च्या छाननीत गाळायला लावला गेला. त्याविरुद्ध सप्टेंबरमध्ये ओकिनावातील गिनोवान येथे प्रचंड सभा झाली. आयोजकांच्या मते १,१०,००० लोक जमले होते. वर्षअखेरीस लष्कराचा सहभाग पुस्तकांत परतला, मात्र थेट सक्तीचे विधान नाही.

२०१४ मध्ये निकष बदलून सरकारची अधिकृत भूमिका पुस्तकांत मांडणे आवश्यक करण्यात आले. २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने लष्करी वेश्यागृहांतील स्त्रियांच्या उल्लेखातील लष्करदर्शक विशेषण गैरसमज पसरवू शकते, असे ठरवले; त्यानंतर अनेक प्रकाशकांनी आधीच मंजूर झालेल्या पुस्तकांतही बदल केले.