दोन यंत्रांचे आकडे खरेच जुळतात का?
विश्लेषणासाठी आमच्याकडे येणाऱ्या संशोधकांसाठी माहितीपत्रक

आम्हाला वारंवार विचारला जाणारा प्रश्न असा: "नवे यंत्र जुन्याशी जुळते हे दाखवायचे आहे. कोरिलेशन ०.९७ आले आहे. एवढे पुरे ना?"

पुरत नाही. का, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण प्रबंधांत आणि शोधनिबंधांत ही चूक फार होते.

दोन आकडे एकमेकांबरोबर वर-खाली होतात, एवढेच कोरिलेशन सांगते. समजा, चार रुग्णांचा वरचा रक्तदाब जुन्या यंत्रावर ११०, १२०, १३०, १४० आला आणि नव्यावर १२०, १३०, १४०, १५०. कोरिलेशन येईल पूर्ण १, याहून वर ते जाऊच शकत नाही. तरीही नवे यंत्र प्रत्येकाचा दाब १० मिमीने चढा दाखवते आहे. १४० ला उपचार सुरू करायचे ठरवले असेल, तर तिसऱ्या रुग्णाला विनाकारण गोळी सुरू होईल.

शिवाय कोरिलेशन नकळत फुगते. फक्त प्रौढांऐवजी तान्ह्या बाळांपासून वृद्धांपर्यंत सर्वांची वजने घेतली, की आकड्यांचा पल्ला वाढतो आणि कोरिलेशनही वाढते. काटा तोच, त्याची चूकही तीच. पी-व्हॅल्यूनेही (मुळात संबंध नसता तर निव्वळ योगायोगाने असे आकडे येण्याची शक्यता) काही साधत नाही. एकच गोष्ट मोजणाऱ्या दोन यंत्रांत संबंध असणारच; तो आहे हे सिद्ध करून हाती काय लागले?

फरकाकडे बघा

मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेली रीत आम्ही वापरतो. प्रत्येक रुग्णासाठी दोन यंत्रांच्या आकड्यांतला फरक काढायचा आणि तो दोन्हींच्या सरासरीसमोर आलेखावर मांडायचा. फरकांची सरासरी म्हणजे नव्या यंत्राचा कल. त्या सरासरीच्या दोन्ही बाजूंना प्रमाण विचलनाच्या (फरक सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) १.९६ पट अंतर घेतले की जुळणीच्या सीमा मिळतात. फरक घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे पसरलेले असतील, तर सुमारे ९५ टक्के फरक या सीमांच्या आत पडतात. उदाहरणार्थ, सरासरी फरक २ मिमी आणि प्रमाण विचलन ६ मिमी असेल, तर सीमा येतात उणे ९.८ ते अधिक १३.८.

हे चालेल का? याचे उत्तर आमच्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. किती फरकाने उपचार बदलतो हे रुग्ण बघणाराच जाणतो. ती मर्यादा मोजमाप सुरू होण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवा, असा आमचा आग्रह आहे. आकडे पाहिल्यावर ठरवलेली मर्यादा हटकून सोयीची निघते.

आलेखात ठिपके उजवीकडे कर्ण्यासारखे फाकत असतील, तर मोठ्या आकड्यांना चूकही मोठी आहे. अशा वेळी आकड्यांचा लॉग (लॉगरिदम) घेऊन किंवा फरक टक्केवारीत मांडून पुढे जावे लागते. रुग्णांच्या जोड्या किती घ्याव्यात? १०० घेतल्या तर प्रत्येक सीमेतली अनिश्चितता प्रमाण विचलनाच्या साधारण ०.३४ पट उरते. १२ घेतल्या तर ती जवळपास एक पट होते, म्हणजे सीमा काढूनही फारसे कळत नाही.

जुने यंत्र स्वतःशी तरी जुळते का, हेही तपासा. एकाच रुग्णाचे दोन-दोन आकडे घ्या. एकाच रुग्णाच्या आकड्यांतले प्रमाण विचलन ५ असेल, तर दुसऱ्यांदा मोजताना १४ पर्यंतचा फरक नुसत्या मोजमापातूनच येऊ शकतो. जे स्वतःशी जुळत नाही, त्याच्याशी दुसरे काय जुळणार!

आकडे नसून शेरे असतील तर

दोघे जण स्लाइड बघून 'सामान्य' किंवा 'विकृत' असा शेरा देतात, तेव्हा नुसती सहमतीची टक्केवारी फसवते. दोघेही १०० पैकी ९५ स्लाइडना डोळे मिटून 'सामान्य' म्हणाले, तरी निव्वळ योगायोगाने ९०.५ टक्के सहमती होते. म्हणून योगायोग वजा करून उरलेली सहमती सांगणारा आकडा, 'कप्पा' (kappa), काढतो. सोबत मूळ तक्ताही छापा, नुसता कप्पा पुरेसा बोलका नसतो.

पेशी ३००, उंदीर ३

प्रयोगशाळेतून येणाऱ्यांसाठी एकच सांगणे. तीन उंदरांच्या प्रत्येकी १०० पेशी मोजल्या, तर नमुना ३०० चा होत नाही. औषध उंदराला दिले आहे, पेशीला नाही. नमुना ३ चाच.

आमच्याकडे कधी यावे

मोजमापाआधी. १९३८ मध्ये कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेत संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर म्हणाले होते, की प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला विचारणे म्हणजे बहुधा शवविच्छेदन करून घेणे. प्रयोग कशाने मेला एवढे तो कदाचित सांगेल. तरीही उशिरा आलात तर परत पाठवणार नाही. जे निघेल ते प्रामाणिकपणे सांगू. हवी ती पी-व्हॅल्यू मिळेपर्यंत चाचण्या बदलत राहण्याचे काम मात्र आम्ही घेत नाही.

येताना सरासऱ्या नकोत, मूळ नोंदी आणा: एका ओळीत एक मोजमाप, रुग्णाच्या नावाऐवजी क्रमांक, कोणी मोजले, कोणत्या यंत्रावर, कोणते आधी. आकडे गोल करू नका. रक्तदाबाच्या पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोन मिमीच्या खुणा असतात, त्यामुळे शून्याने संपणारे आकडे पाचात एक असायला हवेत. निम्मे दिसले तर मोजणाऱ्याने अंदाजे लिहिले हे आम्हाला लगेच कळते. एखादा आकडा विचित्र वाटला तर खोडू नका. शेजारी शेरा लिहा, त्याचे काय करायचे ते समोरासमोर बसून ठरवू.