गिअर सुटतो, पण दात शाबूत असतात

गोव्यातल्या केरीहून चोर्ला घाट चढायला लागलो की माझ्या जुन्या शंभर सीसी गाडीचा दुसरा गिअर एखाद्या वळणावर हमखास सुटायचा. खाट्कन आवाज, इंजिन रिकामंच किंचाळतंय आणि मागचा हॉर्नवर. ज्याला सांगावं तो म्हणे, "गिअरचे दात गेले." साखळी गावातल्या मेस्त्रीने मात्र एक चक्कर मारून मान हलवली. "दात नव्हे हो, कोपरे गेलेत."

पायाने गिअर टाकला की दात दातांत जाऊन बसतात, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात मोटरसायकलीत गिअरच्या सगळ्या जोड्या कायमच एकमेकींत अडकलेल्या असतात, अगदी न्यूट्रलमध्येही. प्रत्येक जोडीतला एक गिअर शाफ्टवर मोकळा फिरतो, एवढंच. गिअरबॉक्समधला फोर्क (दोन बोटांचा चिमटा) शेजारच्या गिअरला सरकवतो आणि त्याच्या अंगावरचे जाड ठोकळे मोकळ्या गिअरच्या खाचांत शिरतात. गॅरेजात यांना 'डॉग' म्हणतात. डॉगच्या कडा काही अंशांनी आत कललेल्या असतात, म्हणून जोर आला की दोन्ही गिअर एकमेकांना ओढून धरतात. कोपरे गोल झाले, की तोच जोर त्यांना बाहेर ढकलतो. सपाटीवर गुमान चालणारी गाडी घाटात दगा देते ती यामुळे. चढताना सुटत असेल तर डॉगची एक बाजू झिजली समजा. उतरताना, इंजिनने गाडी रोखताना सुटत असेल तर दुसरी. दुसरा गिअर बहुधा आधी जातो, कारण पहिल्यातून तिथे पोचताना बऱ्याच गाड्यांत न्यूट्रल ओलांडावं लागतं आणि वेगातली तफावतही मोठी असते. अर्धवट पाय मारणाऱ्यांचा (म्हणजे माझा) त्यात हातभार.

दात खरंच झिजले तर ते गातात. १८ दातांचा गिअर मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे, म्हणजे ९०० वेळा दाताला दात लागतो. हा सूर हार्मोनियमच्या तार सप्तकातला. एकाच गिअरमध्ये कुईऽ ऐकू आली, तर त्या जोडीवर संशय घ्यावा. एखादाच दात तुटला असेल तर दर फेरीला एक ठोका. हळू चालवताना तो मोजताही येतो.

आवाज न्यूट्रलमध्ये येत असेल तर क्लच दाबून बघा. आवाज थांबला, तर दोष गिअरबॉक्सच्या शाफ्टवर किंवा बेअरिंगमध्ये. नाही थांबला, तर इंजिनकडे बघायला हवं.

ऑइल तर पंचनाम्याचा कागदच. गाडी तापवून ड्रेन बोल्ट काढायचा आणि ऑइल पांढऱ्या थाळीत घ्यायचं. तळाशी लोहचुंबक फिरवल्यावर राखाडी, काजळासारखा लेप आला तर काळजी नको, तेवढी झीज चालायचीच. चकाकणारे पापुद्रे आले तर मात्र थांबा. गिअरच्या दाताचा कठीण थर मिलिमीटरहूनही कमी जाड असतो, नारळाच्या करवंटीसारखा. सततच्या दाबाने त्याखाली बारीक तडे जातात, मग दाताच्या मधोमध खड्डे पडतात आणि थर सोलून निघतो. त्यानंतर झीज झपाट्याने वाढते. पावसाळ्यात ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं, तर पाणी शिरलंय. चतुर्थीच्या बाजाराला दोन-दोन किलोमीटर गाडी काढली की इंजिन पुरतं तापत नाही, वाफ आतच राहते, आणि पाणी मिसळलेल्या ऑइलमध्ये खड्डे लवकर पडतात.

माझ्या ऑइलमध्ये फक्त काजळ होतं. तरी इंजिन उघडलं. मेस्त्रीने डॉगच्या कडेवर नख ओढून दाखवलं: नख अडकायला हवं होतं, ते साबणावरून जावं तसं घसरलं. फोर्कचं टोक घासून निळं पडलेलं. समोरासमोरचे दोन्ही गिअर आणि फोर्क बदलले. एकच बदलला तर जुना नव्याला खातो.

घाटात आता गिअर सुटत नाही. गाडीची एक कुईही होती, ती मात्र तशीच राहिली, कुठल्याही गिअरमध्ये, क्लच दाबून उतारावर सोडली तरी. ती निघाली चेनची.